उघडा राहिलेला अर्ज

संगणक चालू ठेवून उठणाऱ्या माणसांची मला किळस येते. राग नव्हे, किळसच. आमच्या शाळेत सगळ्या मास्तर-बाईंत मिळून एकच संगणक होता. काम झालं की लॉगआउट करायचं, मशीन बंद करायचं आणि मगच खुर्ची सोडायची, हे माझ्या अंगवळणी पडलेलं. एकदाच मी तसं केलं नाही.

मी किनवटच्या जंगलातल्या एका गावात शिक्षिका होते आणि माझी सहा वर्षांची पोर लातूरला माझ्या सासरी. सुट्टीत गेले की पहिले दोन दिवस ती माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तशी बघायची. जरा जवळ यायला लागली की माझी निघायची वेळ व्हायची. त्या उन्हाळ्यात बदलीचे ऑनलाइन अर्ज निघाले. लातूर तोडून उदगीर वेगळा जिल्हा झाला की बदल्या लटकणार, अशी आवई शाळाशाळांत उठली होती. यंदा नाही तर कधीच नाही, असं मी धरून चालले होते.

अर्ज लातूरच्या घरी, पुढच्या खोलीतल्या संगणकावर भरला. नवरा एका खासगी क्लासमध्ये टायपिंग करायचा, त्यामुळे यातला जाणता तोच. ती साईट म्हणजे नुसता छळ. दोन दिवस डोकं आपटलं तेव्हा कुठं आत जाता आलं. अर्ज भरून झाला आणि मी सवयीनं लॉगआउट करायला गेले, तर त्यानं माझा हात धरला.

"बंद करू नकोस. काय दुरुस्ती निघाली तर परत उघडत न्हाई ती. मुदत संपेपस्तोर राहू दे तसंच."

"अहो, पण असं उघडं टाकून..."

"घरात काय चोर हायेत का?"

मलाही ते पटलं. मीच मूर्ख.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकरचा हॉर्न वाजला. त्या दुष्काळात टँकर आला की हातातलं काम जिथल्या तिथं टाकून धावायचं, असा गल्लीचा शिरस्ताच होता. सासू, सासरे, दीर, पोर, मी, सगळे घागरी-बादल्या घेऊन पळालो. "मी घर बघतो," नवरा म्हणाला. दीड तासानं परतले तेव्हा त्यानं दारातच माझ्या डोक्यावरची घागर उतरवून घेतली. किती बरं वाटलं होतं मला! आज ते आठवलं तरी शिसारी येते. त्या दुपारी मी पोरीला सांगितलं, आता मी कायमची येणार. तिनं ते गल्लीभर सांगून टाकलं.

शाळा उघडल्यावर यादी लागली. माझं नाव नव्हतं. माझ्यामागून नोकरीला लागलेल्या बाई गेल्या, मी तिथंच. हेडमास्तरांनी माझा अर्ज उघडून दाखवला. 'अर्जदाराने अर्ज मागे घेतला.' खाली टँकरच्या दिवसाची तारीख आणि वेळही तीच.

किनवटहून नांदेड, नांदेडहून लातूर, सगळा दिवस एसटीत गेला. नवरा चहात बिस्कीट बुडवत बसला होता. त्यानं नाकारलंसुद्धा नाही.

"तुझ्याच भल्यासाठी केलं. तिकडं जंगल हाय, पाणी हाय, लई सुखात हायेस तू. हितं आठ-आठ दिस टँकर येत न्हाई. पाच माणसांना पुरत न्हाई, त्यात सहावं कुठं घालू? पाऊस झाला की भर की अर्ज परत."

सहावं! मला तो माणसांत नव्हे, घागरींत मोजत होता. आणि मी डोक्यावरून आणलेलं पाणी हा बाप्या त्या दिवशी गटागटा प्यायला होता. सासूबाई खाली मान घालून तांदूळ निवडत होत्या. त्यांनाही ठाऊक होतं, हे त्यांच्या मानेवरूनच कळलं. त्या घरातल्या हवेचीही मला घाण वाटली.

तेवढ्यात पोर आतून धावत आली. "मम्मी, आलीस? आता कायमची ना?"

मी तिचे कपडे पिशवीत भरायला लागले.

"हे काय करायलीस?" नवरा उठून उभा राहिला.

"तुम्ही आता चौघंच उरलात," मी म्हणाले. "पुरवून प्या."