मांजरीपायी काढलेली फरशी

चिटगुप्पा गावात मला नोकरी लागली तेव्हा मी पहिलं काय केलं असेल तर घराला शहाबादी फरशी घातली. आत, ओसरीवर, मागच्या अंगणात पार न्हाणीपर्यंत. आमच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिला. सारवलेल्या भुईवर जन्म गेला तेवढा पुरे, असं माझं म्हणणं.

महिनाभरात मांजर बिघडली. इतकी वर्षं अंगणात जाऊन नीट झाकून येणारी, ती विझलेल्या चुलीतल्या राखेत घाण करायला लागली. सकाळी आय भांडी घासायला राख घ्यायची आणि शिव्या देत हात धुवायला उठायची.

मी मांजरीला धरून तिचं नाक राखेत घासलं. त्यानं ती फक्त मला चुकवायला शिकली. चुलीपाशी तिखट भुरभुरलं, ते फुंकर मारताना आयच्याच डोळ्यांत गेलं. राखेवर परात झाकली, तर ज्वारीच्या कणगीत जाऊन बसली. मग बायकोचा धीर संपला.

"पोत्यात घाला अन् मंठाळच्या रानात सोडून या तिला."

"अन् उंदरं काय तू धरणार हायस?" आय म्हणाली. "सुगीपतूर पुरायची ज्वारी हाय ती." मग माझ्याकडं वळली. "बी.ए. झालास, एक मांजर कळंना व्हय रं तुला?"

हे मला फार लागलं. रागारागानं पोतं घेऊन मागं गेलो. मांजर न्हाणीजवळ फरशी उकरत होती. वास घ्यायची, पुन्हा उकरायची. नख्या नुसत्या खरखरत होत्या. पूर्वी तिथं मऊ माती होती, तिची रोजची जागा. शेवटी तिनं नाद सोडला आणि सरळ चुलीची वाट धरली.

पोतं टाकून मी पहार आणली. फरशी अशी पक्की बसवून घेतली होती की काढताना कोपरा फुटला. खालचा चुना-मुरूम खोदून शेतातली माती भरली. संध्याकाळच्या आत मांजर तिथं गेली, उरकलं, माती ओढली आणि माझ्याकडं न बघता निघून गेली.

राख वाचली, ज्वारी वाचली. पण घर बघायला येणारा प्रत्येक माणूस नेमका तिथंच थांबायचा.

"अण्णा, एक फरशी कमी पडली काय?"

मी तोंड उघडायच्या आत आय सांगून मोकळी व्हायची, "न्हाई, तेवढी जागा मांजरीची हाय. बाकीचं घर त्याचं."