सासऱ्यांच्या मोटारीच्या सीटा

ये, अशी जवळ ये. कागदावरच का होईना, पण जवळ ये आणि तो मोबाइल जरा बाजूला ठेव. परवा म्हणालीस, आजी, त्या जुन्या मोटारीचा फोटो पाठव, मैत्रिणींना दाखवायचाय. शेजारणीच्या मागे लागून पाठवला. त्यावर तुझं उत्तर काय, तर एक लाल बदाम. बस, संपलं. त्या सीटा कोणी शिवल्या, कशाला शिवल्या, एवढं विचारायचं काही सुचलं नाही तुला. तुम्ही मुली फोटो बघता आणि पुढे सरकवता. आता न विचारताच सांगते, ऐकून घे.

मोटार माझ्या सासऱ्यांची. ते एका सरदारांकडे कारभारी होते. सरदारांचं सगळं आवरतं व्हायला लागलं, तेव्हा त्यांनी ही विलायती गाडी सासऱ्यांना देऊन टाकली. उघड्या टपाची गाडी. म्हणजे वरचा टप कापडाचा, हवा तेव्हा मागे दुमडून ठेवायचा. सासरे होते तोवर दसऱ्याला निघायची, मग तेही बंद झालं. मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. टायर बसले, आतलं चामडं तडकलं. दाराला आतून पुठ्ठे असतात ना, ते पावसाच्या ओलीने फुगून पापडासारखे झाले.

तुझे आजोबा मिलमध्ये विणाई खात्यात मास्तर होते. ते दिवस कसे होते सांगू? टीव्हीवर रोज नवीन गाडीची जाहिरात, गल्लीत केबलच्या तारा, लोक म्हणायचे आता देश सुटला. आणि आमच्या उज्जैनला एकेक मिल बंद. यांची पण झाली. आधी म्हणाले थोडे दिवस, मग म्हणाले बघू, मग कोणी काही म्हणेनासंच झालं. भोंगा वाजायचा बंद झाला.

दुसऱ्या दिवशी हे नेहमीसारखे उठले, आंघोळ केली, पँट-शर्ट घातला. मी सवयीने डबा भरला. हे डबा घेऊन मागच्या दाराने निघाले आणि शेडमधल्या मोटारीत, स्टिअरिंगमागे, जाऊन बसले. दुपारी तिथेच डबा खाल्ला. मिल सुटायच्या वेळेला घड्याळ बघून आत आले.

मला वाटलं, एक दिवस. पण रोज तेच. तुझी आई तेव्हा इंदूरला होस्टेलमध्ये, तिला कशाला कळवा. शेजारचे विचारायचे, मास्तर दिसत नाहीत आजकल? मी म्हणायची, गाडीचं काम काढलंय. खोटंही नव्हतं म्हणा फार.

मी रडले वगैरे नाही. भांडलेसुद्धा नाही. आतून सगळं सुन्न होतं. भाजीत मीठ घातलं की नाही तेही आठवायचं नाही. माझं मागणं फक्त एक होतं: या माणसाने दुपारी घरात येऊन जेवावं. बाकी मिल उघडो न उघडो. मी दोनदा-तीनदा जाऊन म्हटलं, अहो, आत या, पोळी गरम वाढते. हे म्हणायचे, "डबा आहे ना." 

त्यात सीट फाटलेली. आतला काथ्या वर आलेला, स्प्रिंगची तार निघालेली. यांच्या सगळ्या पँटी एकाच जागी फाटायला लागल्या. मी आपली रोज रफू करते आहे, करते आहे. एक दिवस सुईत दोरा ओवता ओवता मनात आलं, पँट कशाला शिवतेय मी, सीटच शिवावी की.

नानाखेड्याला बसस्टँडजवळ एक जण बसच्या गाद्या बनवायचा. त्याला घेऊन आले. त्याने गाडीला एक फेरी मारली, आत बसलेल्या यांच्याकडे बघितलं, यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. बाहेर येऊन हळूच म्हणाला, भाभीजी, रेग्झिन डाल दूँगा, फोम डाल दूँगा, एकदम नई हो जाएगी, पर साहब उतरें तब ना. मी म्हटलं, वो तो नहीं उतरेंगे. तो म्हणाला, तो मैं साहब समेत सिल दूँ क्या? आणि स्वतःच ओशाळला बिचारा. चहा पिऊन गेला. जाताना स्प्रिंगा सुतळीने कशा बांधतात, वर गोणपाट, मग काथ्या, मग कापूस, मग कव्हर, हे तेवढं सांगून गेला. मला शिवण कोणी शिकवलंय? झबली, परकर, पडदे, सगळं बघून बघून. म्हटलं, हेही बघू.

मागच्या सीटपासून सुरुवात केली, कारण पुढची रिकामी नव्हती. कामं आवरून मी मागे जाऊन बसायची आणि जुनं चामडं उसवायची. हे पुढे, मी मागे, दोघांची तोंडं समोर भिंतीकडे. कोणी बघितलं असतं तर वाटलं असतं, ड्रायव्हर बाईसाहेबांना घेऊन कुठेतरी निघालाय. सासू-सासऱ्यांच्या वेळेला मी त्या गाडीत कडेला अंग चोरून बसायची. आता अख्खी मागची सीट माझी होती, पण गाडी जागची हलत नव्हती. चामड्याखालून काय निघालं म्हणशील, तर काथ्याचा भुगा, केसांच्या पिना, शेंगांची टरफलं. मी मागून एकेक सांगत असे, अहो, ही पिन सासूबाईंची दिसते. पुढून हुं की चुं नाही.

कापड घरचंच होतं. मिलमधून कधीतरी मिळालेला डकचा तागा, तंबूला लागतं ना तसं जाड, पांढरं. पांढऱ्या सीटा कशा चालतील, म्हणून टेम्पोत बसून भेरूगढला गेले, छाप्याचं काम करणाऱ्यांकडे रंगवायला. तिथला म्हातारा कापड चिमटीत धरून म्हणाला, बहनजी, इतनी मोटी चादर कौन ओढ़ेगा? मी सांगितलं, मोटरची गद्दी आहे. तर म्हणतो, मग हाथी-घोडे छापून देतो, सवारी है, शोभा देगी. मी म्हटलं, भैया, सादा रंग दो, गडद लाल. तो नाराज झाला, पण रंग त्याने पक्का दिला. आजही बघ, फोटोत जो रंग आहे तो त्याचा.

मागची सीट झाली. यांनी मान वळवून बघितलीसुद्धा नाही. मग एके सकाळी हे आंघोळीला गेले तेव्हा मी पान्याने पुढच्या सीटचे बोल्ट काढले, सीट घरात ओढून आणली आणि स्वयंपाक तसाच टाकून भरायला बसले. हे बाहेर आले, शेडमध्ये गेले, सीट नाही हे बघूनही परत आले नाहीत. गाडीच्या पायरीवर बसून राहिले. मी घाई केली. पिंजाऱ्याकडून आणलेला कापूस सगळा कोंबला. दिवाळीला पाहुणे येणार म्हणून आपण गादी भरतो ना, तशी भरली. कव्हर आधीच शिवून ठेवलं होतं, ते चढवलं, खालून चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकल्या. सीट नेऊन बसवली.

हे सीटवर बसले. अगं, काय सांगू तुला. डोकं वर कापडी टपाला टेकलं. गुडघे स्टिअरिंगला लागले. लग्नातल्या नवरदेवाला तक्क्यावर बसवतात तसे दिसत होते. मी वाट बघत उभी. म्हटलं, आता हसतील, नाहीतर चिडतील. काहीही चाललं असतं मला. यांनी डबा उघडला आणि मान वाकडी करून जेवले. सीट उंच झालीय हे त्यांना कळलंच नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. घरात येऊन मी नुसती बसून राहिले, तव्यावरची पोळी जळाली तेव्हा उठले.

पुढे काही दिवसांत कापूस दबला आणि सीट जागेवर आली. पण कव्हर ढिलं पडलं. आडव्या चुण्या पडायला लागल्या, म्हाताऱ्या हत्तीच्या कातडीसारख्या. मी मागच्या सीटवर बसून दाराच्या जुन्या पुठ्ठ्याच्या चुका उपटत होते. पुढे यांचा हात सीटवर फिरताना दिसला. एका चुणीवरून बोट गेलं, परत आलं. मग कापड चिमटीत धरून त्यांनी ताणलं, उभं एकदा, आडवं एकदा.

"ताणा आडवा घातलास," हे म्हणाले.

मला आधी कळलंच नाही की हे बोलले. कापडात जे उभे धागे असतात तो ताणा, तो ओढ सोसतो. मी कापड वाचावं म्हणून चादरीसारखं आडवं बेतलं होतं. विणाई मास्तरच्या घरात हे.

"मग काय होतं?" मी विचारलं.

"बसल्यावर ओढ जिकडे पडते, तिकडे ताणा पाहिजे." मग म्हणाले, "चोवीस तास घरात कापड बघतेस, एवढं कळू नये?"

टोमणा होता तो. लग्न झाल्यापासून ऐकलेला, तसलाच.  हे उतरले, घरात गेले, दाढीचं पातं घेऊन आले आणि माझी सगळी शिवण उसवून टाकली.

त्यानंतर ते कामाला लागले. अगदी मिलमध्ये जात तसे, वेळेवर. उरलेला तागा अंगणात पसरून उभा बेतला. मी मशीन चालवायची, हे कापड धरायचे. कापूस कमी कर, इथे जास्त, एवढंच बोलणं. दारांना नवे पुठ्ठे कापून त्यावर तेच कापड चिकटवलं. कडेच्या गोटातली दोरी सरळ बसेना, तर तीन-तीनदा उसवली. तू म्हणशील, मग आजोबा बरे झाले! नाही गं. डोळे तसेच होते. हात तेवढे चालत होते.

सीटा पुऱ्या झाल्या त्या दुपारी मी डबा घेऊन शेडमध्ये गेले. हे गाडीच्या बाहेर उभे होते, दार लावलेलं.

"बसा ना," मी म्हटलं.

"इथे नको," हे म्हणाले. "वरणाचा डाग पडेल."

आणि माझ्या हातातला डबा घेऊन घरात आले. स्वयंपाकघरात पाट मांडून बसले. मी डबा बाजूला ठेवला, कणीक मळलेली होती, तवा चढवला. हे जेवले. मी एक पोळी वाढली, आणखी एक वाढली. मला आनंद झाला का? खरं सांगू, आठवत नाही. चटका बसला तरी हाताला कळू नये, तसे दिवस होते ते. एवढं आठवतं की पोळी फुगली होती.

मिल काही उघडली नाही. हे पुढेही फारसे बोलले नाहीत. पण शेवटपर्यंत दुपारी घरात जेवले, आणि मी समोर बसून वाढलं.

आता मी एकटीच जेवते. एका माणसासाठी कणीक मळायचा कंटाळा येतो, भातावर भागवते. तेव्हा तू ये. बदाम नको पाठवू, ये. इंदूरहून बस पकड, नानाखेड्याला उतर, रिक्षावाल्याला गल्ली सांग. सुट्टी कधी आहे ते कळव, आणि होळीच्या आत जमव, नंतर ऊन फार होतं. दुपारी पोहोचशील असं बघ.