आठवड्याला अर्धा लिटर

मिस्त्री इंजिन बंद करायचे, बॉनेटखाली वाकायचे, टर्बोच्या दोन नळ्या दोन मुठींत धरायचे आणि डोळे मिटायचे.

"बोलू नका आता. पाणी चालून राह्यलं."

मोताळ्याहून बुलढाण्याकडे निघालं की घाट लागायच्या आधी डाव्या हाताला त्यांची टिनाची शेड होती. असे मिस्त्री तुम्हीही पाहिले असतील. गाडीच्या मालकाशी दोन वाक्यं आणि इंजिनाशी दिवसभर. बायको जाऊन सात वर्षं झालेली, एकुलती मुलगी लग्न होऊन नाशिकला. शेडच्या मागच्या खोलीत ते एकटे राहत.

मी पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात आहे. सव्वीस वर्षं धरणाच्या गेजपट्टीवरची पाण्याची पातळी वहीत लिहितो. ती सवय घरातही शिरली आहे, असं बायको म्हणते. मिस्त्रींनी ते पहिल्याच दिवशी ओळखलं आणि माझं नाव "गेजवाले साहेब" ठेवलं.

माझ्या जुन्या डिझेल जीपचा टर्बो घाटात गेला. बदली म्हणून जो मिळाला तो वेगळ्या जातीचा निघाला. त्याला तेलाबरोबर पाणीही लागायचं, आणि माझ्या इंजिनात तशी सोयच नव्हती. दोन गॅरेजवाल्यांनी सांगितलं, पाण्याची भोकं बुजवून टाका, चालते. मिस्त्री म्हणाले, "चालते. पण किती दिवस, ते त्याईले इचारा."

मग त्यांनी मला समजावलं. "टर्बो म्हणजे धुरावर फिरणारा पंखा. घाट चढून आला का लाल होते. तुमी चाबी काढली, पंप थांबला. पण आग तर तिथंच हाये नं? मंग पाण्यानं सोताच चालाव लागते. गरम वर जाते, थंडं खालून येते. त्याले रस्ता फक्त चढता पाह्यजे. मधात कुबड आलं का हवा अडकते, अन् खेळ खलास."

त्या चढत्या रस्त्यासाठी तीन रविवार गेले. पहिल्या रविवारी नळी टाकून झाली. मला ती सरळ दिसली. मिस्त्रींनी गवंडी वापरतात तसली पाणी भरलेली पारदर्शक नळी लावून पाहिली आणि सगळं पुन्हा खोललं. "बोटभर कुबड हाये." मी पट्टीनं मोजलं. अकरा मिलीमीटर. मी तसं सांगितल्यावर म्हणाले, "पाहा, बोट अन् पट्टी एकच निघाले."

तिसऱ्या रविवारी परीक्षा झाली. त्यांनी नळ्या धरल्या. मी सवयीनं मनात आकडे मोजू लागलो, ते चौदापर्यंत गेले. मग मी वरची नळी धरली आणि तीनला सोडली.

"मिस्त्री, हात लोखंडाचा आहे तुमचा!"

ते हसले, फडक्याला हात पुसू लागले, आणि मला दिसलं. तळव्याची कातडी पांढरी होऊन उचलली गेली होती.

"मिस्त्री, हात!"

त्यांनी तळव्याकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं. मग शांतपणे म्हणाले, "शुगरनं नेला हात. दीड वर्ष झालं. गरम-थंडं काईच समजत नाई."

"मग नळ्या का धरता?"

"लोक पाह्यतात नं."

फडकं हाताला गुंडाळत म्हणाले, "कोणाले सांगू नका, साहेब. पोरीले समजलं तर दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येते. मंग मी तिच्या तिसऱ्या मजल्यावर बसून काय करू? तिथं माह्या हाताखाली काय हाये?"

मी कुणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी त्यांचा हात झालो. टर्बोवाली गाडी आली की फोन यायचा, "साहेब, एक पेशंट हाये, या." मी जायचो. ते गाडीच्या मालकाला चहा सांगायला पाठवत आणि मला खुणावत. मी नळ्या धरून बोलायचो.

"खालची अंदाजे पंचावन्न. वरची बासष्ट."

"अंदाजे अन् बासष्ट? मंग साठ काऊन नाई?"

"कारण साठपेक्षा जास्त आहे."

"धन्य हाये तुमी. वहिनीचं कसं होत असंन!"

काम दहा मिनिटांचं असे. मी दीड-दोन तास बसत असे. ते बायकोबद्दल बोलत, मुलीच्या लहानपणाबद्दल बोलत, कधी काहीच बोलत नसत. वर्षभरात मी एकतीस वेळा गेलो. गाडीच्या वहीत नोंद आहे, म्हणून सांगतो.

मग मी चूक केली. तेव्हा मला ती मदत वाटली होती.

करोनात दुकानांबाहेर कपाळावर रोखत तसलं, पण यंत्रांसाठी असलेलं तापमान मोजायचं पिस्तूल मी मागवलं आणि त्यांच्या हातात दिलं. माझ्या बोटापेक्षा ते नक्कीच अचूक होतं. मिस्त्रींनी ते चहावर रोखलं, मग टिनावर, शेवटी माझ्या कपाळावर.

"भारी हाये," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "मंग आता तुमाले इथं यायाची गरज नाई."

"तेच तर!" मी म्हणालो. मी खरंच खूश होतो.

पुढच्या सहा महिन्यांत मी दोनदा गेलो. फोन मात्र त्यांचे येत.

"गाडी कशी हाये, साहेब?"

"उत्तम. पाणी खुणेवर आहे. एक थेंब कमी नाही."

"बरं हाये मंग."

"बरं, मिस्त्री."

असे नऊ फोन आले आणि नऊही वेळा मी हेच उत्तर दिलं. विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं की आपलं काम संपलं, असं मला वाटत आलं आहे.

एकदा बुलढाण्याला जाताना पाहिलं, शेडला कुलूप होतं. शेजारच्या पंक्चरवाल्याला विचारलं.

"मिस्त्री गेले नं नाशिकले. पंधरा दिवस झाले."

"मुलीला कळलं का काही?"

"काय कळते? सोताच फोन केला तिले. म्हने, घेऊन जाय मले, आता मन लागत नाई इथं."

मी जीपमध्ये येऊन बसलो. घाट चढलो नाही, परत फिरलो.

घरी येऊन फोन लावला. मिस्त्रींचा आवाज लहान झाला होता. "इथं सकाळी सहाले नळ येते. पाणी भरून ठेवतो. मंग काई नाई." आणि मग सवयीनं विचारलं, "गाडी कशी हाये?"

"पाणी कमी होतंय," मी म्हणालो.

"माह्या लाइनीतून?"

"हो. आठवड्याला अर्धा लिटर."

"अर्धा लिटर म्हणजे लय झालं," ते म्हणाले. आवाज पहिल्यासारखा झाला होता. "रोज पाह्यत जा. अन् मले सांगत जा."

मी रोज संध्याकाळी सातला सांगू लागलो. पाचशे भागिले सात, रोजचे एकाहत्तर मिली. कधी पंच्याहत्तर, कधी अडुसष्ट. "क्लिप पाह्यली का?" पाहिली. "तांब्याचा वायसर?" बदलला. "रेडिएटरची टोपी?" नवीन टाकली. मग मुलीबद्दल, नातवाबद्दल, जिन्याबद्दल बोलणं निघायचं. हे आकडे माझ्या कुठल्याही वहीत नाहीत. खोटा आकडा मी कधी लिहिला नाही.

त्यांनी ओळखलं होतं का? मला माहीत नाही. एकदा एवढंच म्हणाले, "साहेब, घाई नका करू दुरुस्तीची. सावकाश होऊ द्या."

दोन महिने असे गेले. मग चार दिवस फोन कुणी उचलला नाही. पाचव्या दिवशी त्यांच्या मुलीनं उचलला.

"काका, बाबा सोमवारी गेले. झोपेतच."

तीच पुढे बोलली. "तुमच्या गाडीची लय काळजी होती त्यांना. रोज सातला फोन घेऊन बसायचे. थांबलं का हो पाणी?"

"थांबलं," मी म्हणालो. "आता एक थेंबही जात नाही."

एवढं मात्र खरं होतं.