कान-मिस्त्री आणि साहेबांची साखळी

कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीला सगळे कान-मिस्त्री म्हणतात. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, ही त्याची पद्धत. तेवढा वेळ गिऱ्हाइकं श्वाससुद्धा बेताने घेतात. तपासणीचं यंत्र विकायला आलेल्या माणसाला त्याने चहा पाजून परत पाठवलं होतं. गाडी मात्र आदल्या संध्याकाळीच सोडून जायची. गार इंजिन पहिले काही सेकंद खरं बोलतं, मग तेल वर चढलं की सभ्यपणे वागायला लागतं, असं तो म्हणतो.

मी रोज सकाळी तिथल्या स्टुलावर बसतो. निवृत्त झाल्यापासून नऊ ते अकरा मी घरात नसलेला बायकोला बरा वाटतो. गेलं वर्षभर मिस्त्री निकाल दिला की माझ्याकडे बघून विचारायचा, "काय काका, बरोबर ना?" मी म्हणायचो, "बरोबर." माझ्या वयाचा मान ठेवतो बिचारा, असं वाटून मला संकोच व्हायचा.

बायकोचे थोरले भाऊ साहेब म्हणून निवृत्त झाले, पण घरात अजून नोकरीवर आहेत. त्यांच्या इंजिनात टायमिंगची साखळी, माझ्या इंजिनात टायमिंगचा बेल्ट. इंजिनाचे वरचे आणि खालचे भाग एका तालात ठेवायचं काम दोन्ही करतात. पण बेल्ट रबरी, ठरलेल्या किलोमीटरला बदलावा लागतो. मी तो बदलून घेतला की साहेबांना हुरूप येई. "भावोजी, तुमचा संसार रबरावर, आमचा लोखंडावर." साखळीला जन्मभर बघावं लागत नाही, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं आणि तिथेच वाचन थांबवलं होतं. साखळी तेलावर जगते, हे बहुधा पुढच्या ओळीत असावं. तीन वर्षांत त्यांनी तेल बदललं नव्हतं. कमी झालं की वरून ओतायचे, आणि या आळसाला विश्वास म्हणायचे.

गेल्या महिन्यात त्यांना वहिनी आणि नातीला घेऊन डोंगरातल्या रस्त्याने सहा तासांच्या प्रवासाला जायचं होतं. आधी गाडी दाखवा, म्हणून वहिनी अडून बसल्या. साहेबांनी गाडी आणून लावली, मिस्त्रीला चांगलं इंजिन बघायला मिळावं अशा थाटात.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी किल्ली फिरवली. चमच्यांचा डबा हलवावा तशी खळखळ झाली. सात-आठ सेकंद. मग सगळं शांत. मिस्त्रीने डोळे उघडले. म्हणाला, अगदी शिलाई मशीनसारखं गुळगुळीत चालतंय.

तो थट्टा करत नव्हता. अलीकडे त्याला दोनदा हाक मारावी लागायची, फोन वाजत राहायचा, ते सगळं मला एकदम आठवलं. त्याचा कान म्हणजेच त्याचं गॅरेज होतं. मी बोललो तर चारचौघांत ते बुडणार, आणि गप्प बसलो तर चढावर वहिनी आणि पोर.

"काय काका, बरोबर ना?"

तोंडाने सवयीने "ब" काढलासुद्धा होता.

"नाही," मी म्हणालो. "खळखळलं. सुरुवातीला."

साहेब हसले. "भावोजींना आमची साखळी पहिल्यापासून टोचते."

मिस्त्री हसला नाही. त्याने तेलाची पट्टी ओढून बघितली. टोकाला डांबर लोंबत होतं. गाडी आज मिळणार नाही, एवढंच तो साहेबांना म्हणाला.

दुपारी इंजिनाचं झाकण उघडलं. साखळी सैल पडून लोंबलेली, तिला ताणून धरणारा दट्ट्या पार टोकाला गेलेला. ती चाकाच्या एखाद्या दात्यावरून घसरली असती तर वाल्व पिस्टनवर आदळून इंजिन चढावरच संपलं असतं. साहेबांनी वाकून पाहिलं. "बघा, लोखंड आधी सांगतं. तुमचा पट्टा न सांगता तुटतो." हे मात्र खरंच आहे. मग ते माझी गाडी घेऊन डोंगरात गेले.

ते गेल्यावर मिस्त्री हात पुसत म्हणाला, "बारीक आवाज मला वर्षभर ऐकू येत नाहीत, काका. तुमच्या 'बरोबर'वर गाड्या सोडतोय मी."

वर्षभर मी आवाज ऐकलेच नव्हते, फक्त भिडेखातर मान डोलावली होती.

सध्या गॅरेजवर पाटी आहे, जुन्या गिऱ्हाइकांसाठी गार इंजिनाची फुकट तपासणी. वर्षभरातल्या गाड्या एकेक करून परत येताहेत. माझं स्टूल बॉनेटजवळ सरकवलंय. मिस्त्री पूर्वीसारखाच मूठ कानाला लावून डोळे मिटतो, कारण लोक त्यासाठीच येतात. नंतर एक डोळा किलकिला करून माझ्या गुडघ्याकडे बघतो. ठीक असेल तर मी त्यावर एकदा बोट आपटतो, नसेल तर दोनदा.

साहेब मात्र भेटेल त्याला सांगतात की मिस्त्रीसारखा कान पुन्हा होणे नाही. बेल्टवाल्यांना त्यातलं काही कळायचं नाही, असंही सांगतात.