रुमालाखालचा हिस्सा

लातूर जिल्हा नवा झाला होता. दुष्काळात मी लोह्याहून चाकूरला कडबा आणून विकत होतो. नाक्यावरचा पोलीस जमादार दर खेपेला रुमालाखाली माझा हात धरी आणि बैलबाजारातल्या दलालासारखी बोटं दाबून आपला हिस्सा सांगे. तोंडातून शब्द नाही, म्हणून साक्षीदारही नाही. एकदा मी नाही म्हटलं, तर गाडीभर कडबा उतरवून त्यानं आपल्या म्हशींना घातला. तो राग अजून गेलेला नाही.

त्याच सुमारास टीव्हीवर पोलिसांची लाचखोरी खणून काढणाऱ्या पत्रकारांची मालिका लागली. त्यातली बातमीदार बाई कधी ओरडत नसे. फौजदार कुजबुजला की शांतपणे म्हणे, "जरा मोठ्यानं सांगा." जन्मभर घासाघीस करून, भांडून मला जे जमलं नव्हतं, ते ती एका वाक्यात करी.

पुढच्या खेपेला जमादारानं रुमाल पुढे केला. मागे गाड्यांची रांग होती. मी हात दिलाच नाही.

"साहेब, मोठ्यानं सांगा की. मागचे बी ऐकून राहिले."

"लई टीव्ही बघून राहिला का रे?"

"हाव. तुमी न्हाई बघत?"

गाडीवाले खो खो हसले. जमादारानं रुमाल खिशात कोंबून नाक्याचा आडवा बांबू उचलला, आणि माझ्यामागून सगळी रांग काही न देता निघून गेली.