देव घरी नसताना उचललेला भंडारा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्ही ना ओळखीचे ना पाळखीचे, म्हणून तुम्हाला सांगते.

आधी माझी खोड सांगते. मला खुनाच्या गोष्टी लागतात. खऱ्या — पेपरात आलेल्या, कोर्टात गेलेल्या. अणदूरला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. मशीन चालू झाली की शेजारी मोबाईल ठेवायचा आणि त्यावर एक गृहस्थ खून सांगायचे. कुणी मारलं, कशानं मारलं, पोलिसांना सुगावा कसा लागला. बायका म्हणायच्या, "अगं बाई, भ्या वाटत न्हाय व्हय तुला?" नाही वाटत. जीव रमतो. का रमतो? लई वर्षं मी सांगत आले की मेलेल्याची बाजू कुणीतरी ऐकली पाहिजे, म्हणून ऐकते. कसलं काय! दुसऱ्याच्या घराचं दार किलकिलं दिसलं की आत डोकवायला आवडतं मला, एवढंच.

पुढं नुसतं ऐकून भागेना. कोर्टाचे निकाल मोबाईलवर काढून वाचायला लागले. नळदुर्गला अस्तर आणायला गेले की हायवेच्या कडेला उतरायचं, एखाद्या प्रकरणातली जागा बघायची. इथं पडला असेल का तिथं? कुणी विचारलं तर सांगायची, एसटीची वाट बघते. ते गृहस्थ श्रोत्यांनी पाठवलेली प्रकरणंसुद्धा वाचून दाखवायचे. मी कितीदा पाठवलं, पण माझं कधी घेतलं नाही. एकदा निरोप आला — ताई, हे सगळं छापून आलेलं आहे, तुमच्याकडं नवीन काय आहे? तो निरोप मला लागला. फार लागला.

आणि नवीन तर माझ्या दुकानातच येऊन उभं राहिलं.

सुमन माझी मैत्रीण, आमच्याच गल्लीतली. तिचा धाकटा भाऊ बालाजी, त्याचा खून झालेला. ट्रकच्या भागीदारीवरून त्याच्याच दोघा मित्रांनी हायवेवरच्या एका धाब्यामागं त्याला मारलं. दोघं सापडले, शिक्षा झाली, प्रकरण मिटलं. त्यात शोधायला काही उरलं नव्हतं, निदान मला तरी तसंच वाटायचं.

एक सांगू? पाठीचं माप घेताना बाई बोलते. टेप पाठीवर असतो, माझं तोंड तिला दिसत नाही, म्हणून असेल. सुमन तशीच पाठमोरी उभी होती आणि बोलायला लागली. खून झाला त्या संध्याकाळी बालाजीनं तिला फोन केला होता. म्हणाला, अक्का, ती पोरं माझ्या मागावर हायत, आजची रात तुझ्याकडं येतो. घरात नणंदेला बघायला पाहुणे आलेले. बालाजी प्यायचा. पाहुण्यांसमोर शोभा होईल म्हणून ती म्हणाली, "आज नगं, उद्या ये." पोलिसांना तिनं सांगितलं, सहज फोन केलता. आईलाही तेच सांगितलं. खरं फक्त तिच्या नवऱ्याला माहीत होतं, कारण तो बाजूलाच उभा होता. आणि आता मला.

मग ती वळली. म्हणाली, "तू इतकी खुनं ऐकतीस. तूच सांग. मी त्याला घरी घेतला असता तर वाचला असता का गं?"

मी म्हणाले, नाही. म्हणाले, असली माणसं घरातून ओढून नेतात, तुझ्या हातात काही नव्हतं. केवढी रडली! माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मग डोळे पुसून मला म्हणाली, चल, बेल-भंडारा उचल, कुणाला सांगणार नाही म्हणून — आईला कळलं तर माझं माहेर जाईल.

गेलो खंडोबाच्या देवळात. आता देवाचं आमच्याकडं कसं आहे, तुम्हाला माहीत असेल-नसेल. एकच मूर्ती, ती काही महिने अणदूरला असते आणि काही महिने नळदुर्गला. थंडीचे दिवस होते, देव नळदुर्गला गेलेला. गाभारा मोकळा. सुमननं पदराच्या गाठीतला भंडारा काढला, बेलाचं पान काढलं. मीच म्हणाले, "अगं, देव कुठं हाय इथं?" ती म्हणाली, "तू हायस की." मी उचलला.

आता येते त्या गोष्टीवर. किती फिरवून आणलं ना तुम्हाला?

मी ते लिहून पाठवलं. देव परत यायच्या आत पाठवलं. हो, हा हिशेब मी खरंच केला होता — देवच जाग्यावर नव्हता, मग शपथ कुणापुढं झाली? शिकलेल्या-सवरलेल्यांना हसू येईल. मला तेव्हा ते अगदी पटलं होतं. नावं बदलली, पण ट्रक ठेवला, धाबा ठेवला, पाहुणे ठेवले. आणि शेवटी एक वाक्य घातलं : बहिणीनं त्या रात्री दार उघडलं असतं तर आज तो जिवंत असता. तिला खांद्यावर घेऊन जे सांगितलं त्याच्या बरोबर उलटं. का? तसं वाचायला बरं वाटत होतं म्हणून.

गृहस्थांनी वाचलं. आवाज खाली आणून, थांबत थांबत वाचलं. माझं नाव घ्यायचं नाही असं मी कळवलं होतं, त्यांनीही घेतलं नाही. मी मशीन बंद करून ऐकत बसले. तुम्हाला खरं सांगू, त्या वेळी मला सुमन आठवलीच नाही. मला वाटलं, आलं बाई एकदाचं माझं!

तिच्या आईच्या शेजारणीनं तो भाग आईला लावून ऐकवला. नावं बदलून काय होतंय? ओळखायला कितीसा वेळ लागतो? नागपंचमी तोंडावर आली होती. सुमननं आईला फोन केला, कधी येऊ म्हणून. आई म्हणाली, "आज नगं. उद्या बी नगं." आणि फोन ठेवला.

सुमन धावत माझ्याकडं आली. मला वाटलं, आता झिंज्या धरणार. धरल्या असत्या तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, तू कुणाला बोललीस का? मी म्हणाले, "बेल-भंडारा उचललाय मी, सुमन." तिनं लगेच मान हलवली. तिला माझा संशय आला होता याचीच तिला लाज वाटली. मग उरला कोण? तिचा नवरा.

नागनाथदाजी साधा माणूस. चार लोकांत तोंड उघडायचा नाही. सुमननं त्याला घालूनपाडून बोलायला सुरुवात केली. ज्याच्या पदरात आयुष्य टाकलं त्यानंच केसानं गळा कापला, म्हणायची. तो आपला, मी न्हाय, मी न्हाय. शेवटी तिनं त्याला देवळात नेलं. देव तेव्हा अणदूरला होता. त्यानं भरल्या गाभाऱ्यासमोर भंडारा उचलला, गुडघ्यावर बसून.

हे ती मला दुकानात सांगत होती. पाठमोरी, टेप पाठीवर. म्हणाली, "देवाम्होरं खोटा भंडारा उचलला बघ ह्यांनी. तुझ्यासारखं एक माणूस खरं निघालं." माझ्या तोंडातून काय निघालं माहीत आहे? मी म्हणाले, "पुरुषाची जात, असंच असतंय." गप्प राहता आलं असतं. नाही राहिले. वर हेही म्हणाले. भीती वाटत होती ना — उद्या तिनं दाजीवर विश्वास ठेवला तर बोट माझ्याकडं येणार.

दाजी आता शेतातल्या कोठ्यावर, गुरांशेजारी राहतो. जेवणाचा डबा पोरीच्या हाती जातो. रस्त्यात भेटला की मला रामराम घालतो, खाली बघून. त्याला ठाऊक असेल का? असणारच. तिसरं कुणी नव्हतंच. पण त्याचा भंडारा जिला पटला नाही, तिला तो आणखी काय सांगणार?

खून ऐकायचे मी सोडलेले नाहीत. वाटलं असेल तुम्हाला, सोडले असतील. अजून ऐकते.

पंचमीला सुमन आता माझ्याकडं येते. मी पुरणाचे दिंड करते, तिला बांगड्या भरते, वर्षाचं एक ब्लाऊज शिवून ठेवते. ती ते कपाळाला लावते आणि गल्लीत दाखवत जाते, माहेरचं आहे म्हणून.