लेम्युएलच्या पोस्टरवरची व्हर्डेल

माझ्या पार्लरच्या काचेत लेम्युएल गेटवुडचं पोस्टर नव्हतं, असा त्या काळातला एक आठवडा मला आठवत नाही. पोस्टर लावलं की दुकानदाराला जॅझच्या कार्यक्रमाचे दोन पास फुकट, ही तेव्हाची रीत. पण पास नसते दिले तरी मी लावलं असतं. काय रंग असायचे, बाई! खाली गुलाबी, वर पिवळा, मध्ये दोन्ही एकमेकांत मिसळलेले, आणि त्यावर बँडमास्तरचं नाव काळ्याभोर, ठसठशीत अक्षरांत. आता आमच्या कॅन्सस सिटीतल्या अठराव्या रस्त्यावर साबणाचे फोटो लावतात. मला तर बघवत नाही.

लेम्युएल शेजारच्याच छापखान्यात बसायचा. चित्रं तो काढायचा, छपाईच्या अक्षरांचे लाकडी खिळेही तोच जुळवायचा. बोटं कायम शाईत आणि दुपारी त्याच बोटांनी भाजलेल्या बरगड्या खायचा.

"हात धू रे मेल्या!" मी ओरडायची.

"शाईशिवाय चव येत नाही, ओझेला," तो म्हणायचा.

बँडमास्तरचा फोटो टपालाने यायचा. पण बँडात गाणारी पोरगी आज ही तर उद्या ती, तिचा फोटो कोण पाठवतो? म्हणून माइकसमोर उभी असलेली एक ठरलेली मुलगी सगळ्याच पोस्टरांवर छापायची. लेम्युएलने लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर तिचा ठसा कोरून ठेवला होता. चेहरा मात्र त्याच्या धाकट्या बहिणीचा होता, व्हर्डेलचा.

व्हर्डेल एकोणिसाव्या वर्षी एका बँडच्या बसमध्ये बसून गेली. बाप चर्चमधला करडा माणूस. "नाचघरात गाणारी मुलगी या घरात नको," म्हणाला. पुढे बाप वारला, पण आता दार उघडं आहे हे तिला सांगणार कोण? तिचा पत्ताच नव्हता. पोस्टरं मात्र गावोगाव जायची. वरची पट्टी कोरी सोडलेली असे, जिथे कार्यक्रम तिथलं गाव नि तारीख तिथे छापायचे.

"कुठल्यातरी काचेत दिसेल तिला स्वतःचं तोंड," लेम्युएल म्हणायचा. "मग कळेल, घरी कुणीतरी वाट बघतंय."

अशी वर्षं गेली. लेम्युएलचे केस पांढरे झाले, माझी कंबर गेली, पोस्टरवरची व्हर्डेल आपली एकोणीसचीच. शेवटी छापून छापून तो ठसा मधोमध चिरला. तो नवा कोरायला बसला, तर पुन्हा तेच कोवळं तोंड! माझं डोकंच फिरलं.

"अरे शहाण्या, तिने स्वतःला ओळखावं म्हणून काढतोस ना? मग ती आज कशी असेल तशी काढ की! दिवसभर बायकांची तोंडं माझ्या हातात असतात. हनुवटीखाली भर घाल. डोळ्यांखाली ओढलेलं दाखव. खांदे रुंद कर."

"पोस्टरवर म्हातारी कोण छापतं?"

"तुला तिकिटं खपवायचीत का बहीण हवीय?"

आठवड्याने त्याने जी बाई छापली, ती बघून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. चांगली भरदार, थकलेली, तरी गाण्यात बुडालेली.

कार्यक्रम भरवणारा हेगूड तणतणत आला. "लेम्युएल, ही कुणाची मावशी? हिला बघायला कोण पैसे मोजणार?" पण पोस्टरं गावोगाव गेली होती. पुढचं काम त्याने दुसऱ्याला दिलं. लेम्युएल नुसता बसून राहिला, आणि सल्ला माझा म्हणून मला घास जाईना.

वसंतात एक दिवस मी एका बाईचे केस तापल्या कंगव्याने सरळ करत होते. दार उघडून एक भरदार बाई आत आली. हातात घडी घातलेलं पोस्टर, वरच्या पट्टीत ओमाहा गावाचं नाव छापलेलं.

"मी एवढी जाडी झाले हे त्याला कुणी सांगितलं?" ती म्हणाली.

माझ्या हातातला कंगवा पडला.

"व्हर्डेल! अगं, इतकी वर्षं तुला एकही पोस्टर दिसलं नाही?"

"सगळी दिसली गं. प्रत्येक गावात. वाटायचं, यांना ती पोरगी हवीय. ती तर कधीच संपली, मी कुठल्या तोंडाने जाऊ? मग ओमाहाच्या धोब्याकडे ही लागलेली दिसली." तिने पोस्टर उलगडलं. "म्हटलं, हिला घरात घेतील."

मी गिऱ्हाईक तसंच सोडून छापखान्याकडच्या भिंतीवर मुठी आपटल्या. लेम्युएल धावत आला आणि दारातच थांबला. तिच्याकडे बघत राहिला, मग पोस्टरकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"हनुवटी जरा जास्त झाली माझ्याकडून," तो म्हणाला, आणि भर पार्लरमध्ये हुंदके देऊन रडायला लागला. व्हर्डेलने त्याला मिठीत घेतलं. तिच्या पांढऱ्या कोटावर त्याची दहाही बोटं उमटली, आणि तो कोट तिने कधी धुवायला दिला नाही.